टाकीवरचा कंदील

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला आश्चर्य वाटायला नको. झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद केला की नाही हे मी दोनदा बघते, आणि अंथरुणावर पडल्यावर तिसऱ्यांदा उठते. घरात यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. लहानपणी शेजारच्या काकूंच्या स्टोव्हचा भडका उडाला आणि त्या त्यात गेल्या, तेव्हा मी त्यांच्या दारात साखरेची वाटी घेऊन उभी होते. तो आवाज आणि त्यानंतरचा तो वास माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

अशा बाईला नाशिकहून उचलून कोल्हापूर जिल्ह्यातले गोबर गॅस बघायला पाठवायचं, ही आमच्या संस्थेची करामत. काम तसं सोपं होतं. घरोघरी बांधलेले गोबर गॅस चालू आहेत की बंद, आणि बंद असतील तर का, हे विचारून छापील फॉर्मवर लिहून आणायचं, जमलं तर माझ्या कॅमेऱ्यानं टाक्यांचे फोटोही काढायचे. जंगल वाचावं, बायकांचे डोळे धुरातून सुटावेत, पाऊसपाणी बिघडतंय त्याला आपल्या परीनं आळा बसावा, असं बरंच काही त्या फॉर्मच्या डोक्यावर छापलं होतं. खाली 'बंद असण्याचे कारण' असा रकाना होता आणि त्यात चारच पर्याय होते.

परत येऊन महिना झाला. लिहायचं मनात होतं, पण हात चालत नव्हता. आज दुपारी टपालानं एक कार्ड आलं. पोस्टात जाऊन तार करून आले आणि मग लिहायला बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नाही. कार्डात काय होतं ते शेवटी सांगते. गावाचं नाव मात्र सांगणार नाही.

शिवाजी पेठ

कोल्हापुरात पहिला मुक्काम ह्यांचे मित्र शामराव यांच्याकडे होता, शिवाजी पेठेत. सकाळी सहालाच त्यांनी मला दूध प्यायला बाहेर काढलं. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि तीनदा उतू गेल्याशिवाय मी ते कुणाला देत नाही. इथे म्हैसच रस्त्यावर उभी! गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला तसाच हातात द्यायचा. मी पेला हातात धरून उभी राहिले.

"प्या की वहिनी!" शामराव म्हणाले. शेजारच्या तालमीतून आलेले दोन पैलवान माझ्याकडे बघत होते. त्यातला एक म्हणाला, "पावणं भ्यालं वाटतं दुधाला."

प्यायले. दिवसभर पोटाकडे लक्ष ठेवून होते. काही झालं नाही.

शामरावांच्या घरात सिलिंडर होता. त्यासाठी त्यांनी कितीतरी वर्षं नंबर लावून वाट पाहिली होती. पण अंघोळीचं पाणी मात्र मागच्या पडवीत तांब्याच्या बंबात, लाकडं घालून. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ग्यासच्या पाण्यानं अंग शेकत न्हाय." पाण्याला काय कळतं ते कशावर तापलं, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण पाहुणचार घेत होते, गप्प बसले. फॉर्मवरच्या चार पर्यायांत 'अंग शेकत नाही' हा पर्याय नव्हता.

मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "शेणाच्या ग्यासवर सैपाक? वास येत न्हाय व्हय?" वास येत नाही, हे मी छापील माहितीवरून सांगितलं. मलाही खात्री नव्हती.

गगनबावड्याची वाट

पश्चिमेला निघालं की ऊस हळूहळू मागे पडतो आणि डोंगर पुढे येतात. मे महिना होता. गगनबावड्याच्या अलीकडे मी एसटीतून उतरले तेव्हा करवंदांच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या आणि हवेत एक बोचरी धग होती. ह्या भागात पाऊस असा पडतो की चार महिने चूल पेटवायला कोरडं लाकूड मिळत नाही. म्हणून मे महिन्यात प्रत्येक दारापुढे लाकडाच्या उभ्या भिंती रचलेल्या. डोंगरावरून बायका मोळ्या घेऊन उतरत होत्या. माझ्या डोळ्यांत भरलं ते हे, की कितीतरी दारांत लाकडाची भिंत आणि गोबर गॅसची टाकी अगदी शेजारी शेजारी होत्या.

थांब्यावर मला घ्यायला यशवंत आले होते. चाळिशीचे, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात मोजपट्टी. ते गवंडी. सरकारी शिबिरात जाऊन टाक्या बांधायचं शिकलेले, आणि आसपासच्या वाड्यांतल्या बहुतेक टाक्या त्यांच्याच हातच्या. ह्या टाक्या म्हणजे जमिनीत एक गोल, विटांचा, बांधीव खड्डा. त्यात शेणकाला घालायचा. वर पालथ्या घागरीसारखी एक मोठी लोखंडी टोपी तरंगत असते. गॅस साठला की टोपी वर येते, वापरला की खाली बसते. टोपीच्या डोक्यावरून नळी थेट स्वैपाकघरात.

दोन दिवस आम्ही दारोदार हिंडलो. लोक दिलखुलास. 'बसा की', 'च्या घ्या की', आणि मग ज्या गोष्टी सांगत, त्या ऐकून मी पेन हातात धरून नुसती बसून राही. एका घरी गॅस चालू होता, पण त्यावर फक्त चहा. भाकरी चुलीवरच, कारण गॅसच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही. दुसऱ्या घरी रोजचा स्वैपाक गॅसवर, पण देवाचा नैवेद्य चुलीवर, आणि पाहुण्यांचंही चुलीवर. "पावण्यांना शेणाचं घातलं म्हणत्याल," घरधनीण म्हणाली. म्हणजे मी जेवले ते सगळं लाकूड जाळून केलेलं. लाकूड वाचावं म्हणून आलेल्या बाईसाठी दोन दिवस जादा लाकूड जळत होतं.

आणि भीती. बायका गॅसला घाबरत होत्या. काडी ओढताना तोंड फिरवत. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की मी फॉर्म बाजूला ठेवून काकूंच्या स्टोव्हची गोष्ट सांगणार होते. सांगितली नाही, नाहीतर त्या गावातले उरलेले गॅससुद्धा बंद झाले असते.

यशवंतांचं घर

दुसऱ्या दिवशी दुपारी यशवंतांनी मला घरी नेलं. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती. घर लहान, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिला ताज्या फुलांचा हार. त्यांच्या पत्नीनं गॅसवर चहा ठेवला. निळी, शांत ज्योत, कसलाही वास नाही.

"आमच्या टाकीला संडास बी जोडलाय," यशवंत सहज म्हणाले. "ग्यास जास्ती हुतो. शिबिरात शिकिवलं त्ये पयलं आपल्या घरात केलं."

कप माझ्या हातात होता आणि तो अर्ध्या वाटेत थांबला. अगदी क्षणभरच, पण त्यांच्या पत्नीनं ते पाहिलं. मी घाईघाईनं दोन घोट घेतले, जीभ भाजली. मला माझी लाज वाटली आणि आजही वाटते.

यशवंत हसले. "चालतंय बाई. ह्या घरात वरच्या आळीतलं कोण च्या पीत न्हाय. आदी बी पीत नव्हती. आता संडासाचं कारण सांगत्यात, येवढाच फरक."

मग कामाचं बोलणं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतल्या आनंदा नावाच्या शेतकऱ्याच्या घरची टाकी उघडायची होती. महिनाभर गॅस येत नव्हता. शेणकाल्यावर जाड साय धरली होती आणि तळाला माती बसली होती. टोपी काढून, काला उपसून, आत माणूस उतरवून साय खरवडून काढावी लागणार होती. पावसाच्या आधी झालं तर झालं. मला कारण नोंदवायचंच होतं, म्हणून मी मुक्काम आनंदाच्या घरी हलवला.

आबा

आनंदा तिशीचा, अंगानं दणकट, बोलायला कमी. त्याची बायको सुलोचना सातवीपर्यंत शिकलेली, हसरी. पण महिनाभर परत चुलीपुढे बसून तिचे डोळे लाल झाले होते. ती बोलता बोलता पदरानं डोळे पुसायची, आणि पहिल्यांदा मला वाटलं ती रडते आहे.

घरात हुकूम चाले तो आनंदाच्या वडिलांचा, दत्तूआबांचा. सत्तरीचे, ताठ, डोक्याला फेटा. आबा म्हणजे विहिरींचे जाणते. पंचक्रोशीत विहीर खणायची, उपसायची, गाळ काढायचा, तर आबांना बोलावणं जायचं. गाळ आणि दगड वर ओढायची त्यांची यारी, म्हणजे लाकडी तिकाटणं आणि साखळी, अंगणात आडवी पडली होती. टाकीची जड टोपी त्याच यारीनं उचलायची होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, आंबाड्याचं सार, सुक्या मिरचीचा ठेचा. चुलीच्या धुरानं माझेही डोळे चुरचुरत होते. आबांनी मला विहिरीची गोष्ट सांगितली.

"माझा धाकला भाऊ, रामू. हीर उपसायला उतरला. वर मी हुतो, दोर माझ्या हातात. निम्म्यात गेला आन् थांबला. हाक मारली, ओ देईना. मला वाटलं चेष्टा कराय लागलाय. मी वरनं शिव्या घातल्या बाई. शिव्या घालत हुतो आन् त्यो खाली मरत हुता."

सुलोचनानं त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"वाईट हवा. दिसत न्हाय, वास न्हाय. तवापासनं माझ्या हातच्या हिरीत कंदील उतरल्याबिगर माणूस उतरत न्हाय. पेटता कंदील सोडायचा. त्यो इझला, की माणसानं वरच ऱ्हायाचं. त्यानंतर एक माणूस गेला न्हाय माझ्या हातनं."

"आणि उद्या?" मी विचारलं.

"उद्या बी कंदील. माझं प्वार उतरणार हाय."

मी म्हणाले, "पण आबा, ही गॅसची टाकी. गॅस पेटतो ना?"

आबा माझ्याकडे दयेनं बघून हसले. "टोपी काढल्याव कसला ग्यास? उडून गेला की! खाली ऱ्हाती ती हीरच."

आणि खरंच, टोपी काढलेली टाकी हुबेहूब विहीर दिसते. तीच गोलाई, तेच विटांचं बांधकाम, तोच काळोख. चूक कुठे आहे ते मला माहीत होतं. शेणकाल्यावरची साय फोडली की खाली दबलेला गॅस उसळून वर येतो, हे फॉर्मच्या मागच्या पानावर छापलं होतं. पण आबा निम्मे बरोबर होते, हेच भयंकर होतं. आत वाईट हवा असणारच, माणूस गुदमरणारच, तपासल्याशिवाय उतरू नये हेही खरं. फक्त तपासायला ते जे आत सोडणार होते, त्यानं टाकी पेटली असती. त्यांना भीती विझलेल्या दिव्याची, मला पेटलेल्याची. दोघांनाही ती आपापल्या माणसाच्या मरणातून मिळालेली. मी त्यांच्याशी काय वाद घालणार?

टाकी उघडली तो दिवस

सकाळी यशवंत आले तेव्हा मी त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. ते म्हणाले, "मी सांगितलंय आबास्नी. तीनदा."

"मग?"

"ऐकून घेतलं त्येनी." त्यांनी मोजपट्टी खिशातून काढली आणि परत ठेवली. "बाई, टाकी मी बांधली. पर वरच्या आळीत माझा शबूद टाकी बांधण्यापुरता. माणसाच्या जिवाचा शबूद आबांचा."

"तुम्ही कसं तपासणार?"

"कोंबडी. बुट्टीत घालून सोडायची. शिबिरात तसंच शिकिवलंय. पर आबा म्हणत्यात, जिवाची तपासणी जिवानं कशाला, कंदील हाय की."

आठ वाजता यारी उभी राहिली. टोपी साखळीवर करकरत वर आली आणि आळीतली सगळी माणसं पुढे झुकली. मी मात्र मागे, गोठ्याच्या भिंतीला टेकून. शेणाचा आंबूस वास, आणि त्याखाली कुजक्या अंड्याचा. काला बादल्या बादल्यांनी उपसला जात होता. मध्येच कुणीतरी बिडी काढली, तेव्हा यशवंत ओरडले, आणि त्या माणसानं बिडी कानावर अडकवली. बिडीला मान मिळाला नाही, कंदिलाला मिळणार होता. दुपारपर्यंत निम्मी टाकी रिकामी झाली. खाली साय चिखलासारखी घट्ट दिसत होती आणि तिच्यातून मधूनच एखादा बुडबुडा फुटत होता. मला त्या बुडबुड्यांचा आवाज ऐकू येत होता, की तसं वाटत होतं, कुणास ठाऊक.

आनंदानं सदरा काढला आणि कमरेला दोर बांधला. सुलोचना दारात उभी होती. आबा घरात गेले.

ते बाहेर आले ते कंदील पेटवूनच. भर उन्हात ज्योत फिकट, जवळजवळ न दिसणारी. लोकांनी वाट करून दिली. यशवंत टाकीच्या काठावर उभे होते. ते म्हणाले, "आबा, जाळ नको. हात जोडतो."

"बाजूला हो येश्वंता."

यशवंत बाजूला झाले नाहीत. पण त्यांनी हातही पुढे केला नाही. त्या आळीत, त्या अंगणात, त्यांनी आबांचा हात धरायचा म्हणजे काय, हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही दोन दिवसांत कळलं होतं. आबा एकेक पाऊल पुढे येत होते. मला पळून जायचं होतं. खरं सांगते, मी गोठ्याच्या मागच्या वाटेकडे पाहिलंसुद्धा.

मग माझ्या गळ्यातला कॅमेरा माझ्याच हाताला लागला.

"आबा!" मी ओरडले. "आबा, थांबा. तुमचा फोटो काढायचाय. कंदिलासकट."

आबा थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"इथे नको, इथे यारीची सावली येते. तिकडे, घराच्या सोप्यापुढे चला, उन्हात. विहिरीचे जाणते म्हणून आमच्या नाशिकला दाखवायचाय."

माणूस कितीही करारी असो, फोटोला नाही म्हणणारा मी तरी पाहिलेला नाही. आबा क्षणभर टाकीकडे, क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग वळले. टाकीपासून सोप्यापर्यंत ती तीसेक पावलं त्यांनी टाकली. त्यांनी फेटा सोडून परत बांधला. मी म्हणाले, छान, सावकाश बांधा. कंदील छातीशी धरून ते ताठ उभे राहिले.

"जळताना दिसंल न्हवं फोटूत?"

"दिसेल की."

एक काढला. मग म्हणाले, हलला, परत. मग बसून काढू. मग कंदील डाव्या हातात. माझे हात इतके थरथरत होते की प्रत्येक वेळी खरंच हलला असणार असं वाटत होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला सुलोचना दिसली. ती डालग्याखालून आपली अंड्यावरची कोंबडी काढून यशवंतांच्या हातात देत होती. कुणाला न विचारता.

मग टाकीवरून गलका उठला.

आबांनी कंदील सोप्यातल्या खुंटीला अडकवला आणि ते तरातरा निघाले. मी आधी फुंकर मारून कंदील विझवला आणि मगच त्यांच्या मागे धावले.

वेताची बुट्टी काठावर होती. कोंबडीची मान एका बाजूला कलंडलेली, डोळ्यांवर पांढरा पडदा. काठावरचा एकजण सांगत होता की बुट्टी खाली टेकायच्या आत तिनं मान टाकली. आनंदा कमरेच्या दोरासकट खाली बसला आणि तसाच बसून राहिला. सुलोचनानं कोंबडी उचलून पदरात घेतली.

"दोन दिस टाकी उघडी ऱ्हाऊ दे," यशवंत म्हणाले. "कोण उतरायचं न्हाय. जाळ आळीत कुठंच न्हाय आणायचा. परवा दुसरी कोंबडी सोडू."

आबांनी सुलोचनाच्या पदरातली कोंबडी निरखून पाहिली. मला वाटलं, आता त्यांना पटलं. मग ते शांतपणे म्हणाले, "कंदील बी इझलाच असता. माझं काय चुकलं?"

जो भडका उडालाच नाही, तो दाखवायचा कुणाला आणि कसा! यशवंतांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

परत

दुसऱ्या दिवशी मी निघाले. थांब्याजवळच्या हॉटेलात भजी खाताना शेजारचा एकजण हॉटेलवाल्याला सांगत होता, "आबांच्या कंदिलानं वाचिवलं म्हणं आनंदाला. न्हाईतर काल गेलताच त्यो." एका रात्रीत कोंबडी गोष्टीतून गेली होती आणि कंदील आत आला होता. मी त्याला सांगायला तोंड उघडलं. "अवो, मी तिथंच हुतो की," तो म्हणाला. तो तिथे नव्हता, पण मी भजी संपवली. माझ्याच कॅमेऱ्यानं कंदिलाला सगळ्या आळीदेखत मान दिला होता. ह्याचा विचार मी त्या क्षणी केला नव्हता, आणि केला असता तरी दुसरं काही सुचलं नसतं.

एसटी यायच्या आधी सुलोचना धापा टाकत आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं करवंदं असतील. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"हळू धरा. काच हाय."

कंदिलाची काच होती, स्वच्छ पुसलेली.

"हिच्याबिगर कंदील वाऱ्यात टिकत न्हाय," ती म्हणाली. "घिऊन जावा तिकडं लांब. मी सांगते मांजरानं पाडली म्हणून."

आठवड्याच्या बाजारात अशा काचा रांगेनं टांगलेल्या असतात, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तिचा हात घट्ट धरला. तिच्या हाताला धुराचा वास येत होता.

नाशिकला आल्यावर फिल्म धुवून आणली. आबांच्या चारातले तीन फोटो हलले होते. चौथा सुरेख आला होता. ताठ म्हातारा, घट्ट फेटा, छातीशी पेटता कंदील. ह्यांनी तो पाहून म्हटलं, "हा तर चौकटीत लावण्यासारखा आहे." त्याच भीतीनं मी तो पाठवला नाही. तो त्या घराच्या सोप्यात भिंतीवर लागला असता आणि त्याखाली बसून आबांनी गावाला कंदिलाची गोष्ट सांगितली असती. काच मी फडताळात ठेवली, रेग्युलेटरच्या अगदी समोर. फॉर्म भरून दिले. बंद असण्याचे कारण, तर 'साय'.

आजचं कार्ड आबांचं. अक्षर सुलोचनाचं, गोलसर, सातवीतलं. मजकूर असा:

'बाईंना आबांचा नमस्कार. आमची टाकी चालू झाली. गॅस चांगला येतो. फोटो अजून मिळाला नाही. पलीकडच्या वाडीत अशीच टाकी उघडायची आहे, मला बोलावणं आलं आहे. येत्या सोमवारी जाणार. आत उतरायला आनंदाला नेतो, त्याला आता सवय झाली. फोटो त्याआधी आला तर बरं, तिथल्या लोकांना दाखवता येईल.'

आणि अगदी तळाला, पत्त्याच्या रेघेला चिकटून, बारीक अक्षरात तिनं आपलं म्हणून लिहिलं होतं:

'काच नवी आणली. यशवंतदादा कोकणात कामाला गेलेत.'

मी पहिल्यांदा पोस्टाचा शिक्का पाहिला, तो गेल्या गुरुवारचा होता, आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर. आज बुधवार आहे.